म्हातारा कुत्रा रात्री का हिंडतो?

वस्तीवरचा राखणीचा कुत्रा दहा-बारा वर्षांचा झाला, की दिवसभर झोपतो आणि मध्यरात्री उठून अंगणात घिरट्या घालतो. चोर नसताना भुंकतो. ‘याला वेड लागलं’ म्हणून आपण दगड भिरकावतो. पण पुष्कळदा बिघाड त्याच्या डोक्यातल्या घड्याळाचा असतो.

सस्तन प्राण्यांच्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतू जिथे एकमेकांना छेदतात त्याच्या जरा वर, हजारो पेशींचा इवलासा पुंजका असतो. डोळ्यांतून आलेल्या उजेडावर तो रोज वेळ लावून घेतो. आपण रेडिओवर भिंतीचं घड्याळ लावायचो ना, तसं. रात्र किती लांब, हेही त्याच वाटेने कळतं. अंधारात मेंदूतली एक ग्रंथी मेलाटोनिन सोडते. दिवाळीच्या सुमारास म्हशी माजावर येतात, त्यात या इशाऱ्याचा मोठा वाटा.

वय झालं की डोळ्याचं भिंग गढूळतं, मेलाटोनिन कमी पाझरतं, घड्याळ मंदावतं. अमेरिकेत १९९४ साली म्हाताऱ्या हॅमस्टरांच्या (उंदराच्या जातीचा प्राणी) मेंदूत गर्भातल्या पिल्लांचा तोच पुंजका रोवला, तेव्हा त्यांचं घड्याळ पुन्हा बाहेरच्या इशाऱ्याला दाद देऊ लागलं.

असलं कलम आपल्या हातचं नाही. पण म्हाताऱ्या उंदरांना दिवसा लख्ख उजेड दिला, तेव्हा त्यांची झोप-जाग बरीच ताळ्यावर आली होती. तेव्हा कुत्र्याला सकाळच्या कोवळ्या उन्हात बांधा, भाकरी ठरल्या वेळी टाका, रात्री त्याच्या अंगावर दिवा नको. गळीत हंगामात ऊसगाड्यांनी तो आधीच बावरलेला असतो. आणि आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. सांधेदुखीनेही झोप उडते.