जीआय बिल ख्रिस्ती विद्यापीठात चालतं का?

प्रश्न : मुलगा अमेरिकी सैन्यात चार वर्षं काढून नुकताच बाहेर पडला. त्याला जीआय बिलावर, म्हणजे माजी सैनिकांना शिक्षणखर्च देणाऱ्या सरकारी योजनेवर, ख्रिस्ती विद्यापीठात शिकायचंय. धार्मिक संस्थेत सरकारी पैसा चालत नाही, असं सगळे म्हणतात. त्यातून आम्ही हिंदू. – एक आई, डॅलस

उत्तर : ताई, विद्यापीठ जीआय बिलासाठी मान्यताप्राप्त असलं की चालतो. सरकार संस्थेला देणगी देत नाही. सैनिकाने कमावलेला हक्क त्याच्या निवडीमागे जातो. पाद्री होऊ पाहणाऱ्या अंध विद्यार्थ्याच्या मदतीतही घटनेची आडकाठी नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये विटर्स खटल्यात एकमताने म्हटलं, ते याच कारणाने. पोस्ट-९/११ जीआय बिलात सहसा ३६ महिन्यांचं शिक्षण बसतं, पण खासगी विद्यापीठाच्या फीला वार्षिक मर्यादा आहे. वरच्या फीसाठी ‘यलो रिबन’ या पूरक योजनेत विद्यापीठ जेवढं देईल तेवढीच भर सरकार घालतं. या योजनेच्या जागा कधी मोजक्याच असतात, म्हणून त्याच्या अभ्यासक्रमासाठी विद्यापीठ किती देणार तो आकडा लेखी घ्या. सगळे वर्ग ऑनलाइन घेतले तर घरभाडं भत्ता बराच घटतो. एखादा तरी प्रत्यक्ष घ्यावा. हिंदू असण्याची अडचण पैशात नाही, नियमांत निघू शकते. काही ठिकाणी चॅपलमधल्या प्रार्थनासभेची हजेरी सक्तीची, क्वचित श्रद्धेच्या प्रतिज्ञापत्रावर सही. अनेक ठिकाणी यातलं काहीच नाही. प्रवेश घेण्याआधी नियमावली त्यालाच वाचू द्या.