जामखेडची आरोग्यसेविका

दवाखाना बांधला म्हणजे खेड्यात आरोग्य पोहोचले, असे आपण समजतो. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी दुष्काळी जामखेडला (आताचा अहिल्यानगर जिल्हा) काम सुरू केले. प्रथम गावोगावी नर्स ठेवून पाहिल्या, पण त्या गावात रुजल्या नाहीत. मग गावातलीच बाई निवडून तिला शिकविण्याचे ठरले. बहुतेकजणी निरक्षर, कित्येक दलित.

खरी अडचण इथेच होती. जिचा विटाळ मानतात, तिच्या हाती सवर्ण घरची बाळंतीण कोण सोपविणार? म्हणून प्रशिक्षणात सर्व जातींच्या बाया एकत्र जेवत, एकाच मोठ्या पांघरुणात झोपत. हातपंपासाठी पाणी मुद्दाम दलित वस्तीत शोधले गेले. गावाने तिथे येऊन पाणी भरावे! (चवदार तळे, १९२७, इथे आठवावे.)

पुढे याच बाया बाळंतपणे करू लागल्या, जुलाबाने सुकलेल्या मुलांना मीठ-साखरेचे पाणी पाजू लागल्या. १९७१ साली तेथे हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. पाच वर्षांत हा आकडा पन्नासच्या आसपास आला. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडहिंग्लजच्या वाड्यावस्त्यांवर आज फिरणारी आशाताई २००५ च्या सरकारी अभियानातून आली. तिची वाट या बायांनी आधीच मळून ठेवली होती.