घाट उतरताना साठ, चढताना तीस

बुलढाणा जिल्ह्यातल्या पोरांना दहावीची शाब्दिक उदाहरणं शिकवता शिकवता काही गोष्टी माझ्या मनात पक्क्या झाल्या.

१. वेग-वेळ-अंतराचं सूत्र सगळ्यांनाच पाठ असतं. अडतं ते ‘समान काय?’ या प्रश्नाशी. शेगावहून नागपूरला जाणं आणि त्याच वाटेनं परतणं, इथं अंतर समान. दोन मोटारी एकदम निघून वाटेत भेटल्या, तर वेळ समान. समीकरण त्याच्याच जोरावर उभं राहतं. ‘क्ष’ कशाला मानायचं, हे नंतर ठरवा.

२. सरासरी वेग काढताना बेरजेच्या निम्मे करू नका. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूर गाठायचं. अंतर ४५ किलोमीटर धरू. जाताना मोटारसायकल ताशी ६०, परतताना ताशी ३०. अख्खा वर्ग ओरडतो, ‘पंचेचाळीस!’ पण जायला पाऊण तास, यायला दीड तास. ९० किलोमीटर, सव्वादोन तास, म्हणजे सरासरी ४०. गाडी ३० च्या वेगानं दुप्पट वेळ चालली, म्हणून सरासरी त्या बाजूला झुकली. हे उदाहरण फळ्यावर सुटतं, पण घाटाचं नाव घेतलं की जास्त लवकर सुटतं.

३. दीड तास म्हणजे १.५. १.३० लिहिणारी मुलं हुशार तुकडीतही सापडतात.

४. ऋण उत्तर खोडण्याआधी नीट बघा. समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर-सिंदखेडराजा भागातून जातो. त्याचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. समजा, वेग ताशी २४ किलोमीटरनं वाढवला तर दीड तास वाचतो. मूळ वेग किती? समीकरण येतं क्ष² + २४क्ष − ८३२० = ०. उत्तरं ८० आणि −१०४. वेग ऋण नसतो म्हणून मुलं दुसरं उत्तर खोडतात, ते बरोबरच. पण चिन्ह झाका: १०४ हा वाढवलेला वेग! वेळांची वजाबाकी असलेल्या अशा उदाहरणात हे दरवेळी होतं. पण मुळांची बेरीज −२४ असल्यानं स्थिर पद चुकलं तरी हे जुळतंच, म्हणून वेगळा पडताळा घ्यायलाच हवा. आणि त्या रस्त्यावर मोटारींना मर्यादा ताशी १२० ची आहे, म्हणून उत्तर दीडशे आलं तर आधी स्वतःची आकडेमोड तपासा.

५. रेल्वेला लांबी असते. बावीस डब्यांची गाडी सुमारे ५५० मीटर भरते. नांदुऱ्याला न थांबता ती ताशी ७२ किलोमीटरनं गेली, तर सेकंदाला २० मीटर. खांब ओलांडायला साडेसत्तावीस सेकंद. फलाटही तेवढाच लांब धरला तर पंचावन्न.

६. होडी-प्रवाहाची उदाहरणं मी सायकल आणि समोरचा वारा घेऊन शिकवतो. आमच्या बहुतेक नद्यांत उन्हाळ्यात होडी टेकेल.

७. कधी कधी वेग दिलेलाच नसतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त ९ हात उंच खांबावर मोर आहे, पायथ्याशी बीळ. २७ हातांवरून साप बिळाकडे निघतो, मोर तिरकस झेप घेतो. दोघांचा वेग सारखा, एवढंच सांगितलंय. भेट बिळापासून १२ हातांवर. दोघंही १५ हात चालून आलेले. यात पायथागोरस लागतो. तो भाग २ मध्ये, भूमितीच्या पुस्तकात. ‘सर, हे बीजगणितात येत नाही,’ अशी तक्रार ठरलेली. तरी मी देतोच.