शेजारच्या शाळांची तुलना

दरवर्षी आमच्या विद्यालयात आठवीच्या वर्गास बेळगाव तालुक्यातील निरनिराळ्या गावांची मुले येतात. कर्नाटकात सरकारी उच्च प्राथमिक शाळा बहुधा सातवीपर्यंत असतात, आणि काही गावांतील शाळा तर पाचवीवरच संपतात. अशा गावच्या पालकांस मुलीला सहावीसाठी कोठे घालावे, हा प्रश्न पडतो. तो आम्हांसही विचारला जातो. आणि उत्तर देताना आम्ही जरा कचरतो.

सर्वसाधारणपणे लोक इमारत आणि निकाल पाहतात. इमारतीविषयी फार लिहावयास नको. रंगविलेली भिंत लांबूनही दिसते. निकालाचे मात्र तसे नाही. समजा, एका मराठी शाळेत सातवीस 12 मुले असून 9 मुलांनी शेकडा 60 हून अधिक गुण मिळविले. दुसऱ्या शाळेत 60 पैकी 42 मुलांनी ते मिळविले. प्रमाण अनुक्रमे शेकडा 75 व 70 आले. आता पहिल्या शाळेतील एकच हुशार मुलगा परीक्षेच्या वेळी तापाने आजारी पडला असता, तर तिचा आकडा 67 च्या खाली उतरला असता व दुसरी शाळा श्रेष्ठ ठरली असती! म्हणून लहान शाळेचा निकाल निदान तीन वर्षांचा एकत्र करून पाहावा.

याहून फसवा आकडा शिक्षकांचा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत 35 मुलांमागे निदान एक शिक्षक हवा. या वर्गांत एका शाळेत 45 मुले व 3 शिक्षक, दुसरीत 105 मुले व 3 शिक्षक आहेत असे धरू. पहिलीत 15 मुलांमागे एक शिक्षक, दुसरीत 35 मागे एक. पुढे पहिल्या शाळेतील एका शिक्षकांची बदली झाली व जागा रिकामी राहिली. तरीही तेथे साडेबावीस मुलांमागे एक शिक्षक, म्हणजे कागदावर ती शाळा अजूनही सरसच! परंतु बदली झालेले गुरुजी गणित व विज्ञान शिकवीत असतील, तर त्या 45 मुलांचे वर्ष कसे जाईल?

कायदा करणारांनी हे ओळखले होते. गणित-विज्ञान, समाजशास्त्र आणि भाषा यांसाठी निदान एकेक शिक्षक असावा, असे त्याच कायद्यात सांगितले आहे. शिवाय सरकारी शाळेत मंजूर जागांपैकी शेकडा 10 हून अधिक जागा रिकाम्या राहू नयेत, असेही कलम आहे. पाच जागांच्या शाळेत एक जागा रिकामी म्हणजे शेकडा 20. अर्थात लहान शाळेत एकही जागा रिकामी ठेवण्यास वाव नाही. आमच्या भागातील पुष्कळ मराठी शाळा लहानच आहेत. शिक्षक नाहीत म्हणून पालक मुले काढतात, पट घटला म्हणून जागा कमी होते, आणि उरलेल्या मुलांची पंचाईत होते. तेव्हा केवळ पट पाहून एखाद्या शाळेस वाईट ठरविणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

कायद्याने शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. आपल्याकडे तिला एसडीएमसी म्हणतात. तिच्या एखाद्या सभासदास भेटून विचारावे, की गेल्या जूनपासून सातवीचे गणित कोणी शिकविले व किती महिने. त्यानंतर शेजारच्या एखाद्या मुलाची गणिताची वही मागून घ्यावी, आणि तपासलेल्या पानांवरील तांबड्या शाईच्या तारखा वाचाव्यात.