‘निरंक’ या शब्दाचा अर्थ

कचेरीच्या वार्षिक अहवालात ‘लैंगिक छळाच्या तक्रारी : निरंक’ अशी ओळ आली की साहेब मंडळी निर्धास्त होतात. आम्हांस मात्र ती ओळ विचारात पाडते. तक्रार करण्याची सोय आणि धीर किती आहे, एवढेच तक्रारींच्या आकड्यावरून कळते.

मग छळ मोजावा कसा? ‘तुमचा लैंगिक छळ झाला काय?’ असे विचारल्यास अनेक भगिनी ‘नाही’ म्हणतात. त्या खोटे बोलत नाहीत. रोजच्या त्रासाला त्यांनी ते नाव दिलेलेच नसते. म्हणून अमेरिकेत लुईस फिट्झगेराल्ड व सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडलेल्या प्रश्नावलीत प्रत्यक्ष वर्तन विचारले आहे. नको असता कोणी अंगाला हात लावला काय? बढतीच्या बदल्यात काही मागितले काय? तेथील समान रोजगार संधी आयोगाच्या अभ्यासगटाने २०१६ साली अशा पाहण्या ताडून पाहिल्या. सरळ प्रश्नाला सुमारे २५ टक्के स्त्रियांनी होकार दिला होता. वर्तन विचारले तेथे हेच प्रमाण सुमारे ४० टक्के निघाले.

आपल्या देशात राजस्थानच्या भटेरी गावी बालविवाह रोखू पाहणाऱ्या साथीन भंवरीदेवींवर १९९२ साली सामूहिक बलात्कार झाला. त्यातून १९९७ चा विशाखा निकाल व पुढे २०१३ चा कायदा आला. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची झाली. तरी मे २०२३ मध्ये गोव्यातील एका प्रकरणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने एका वृत्ताचा दाखला दिला : ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ मध्ये अशी समितीच नव्हती. समितीच नाही, तेथे अहवाल ‘निरंक’ येणारच!

आपल्या वस्त्यांतील पुष्कळ भगिनी घरकाम करतात, लहान कारखान्यांत राबतात. त्यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मालकाविरुद्धची तक्रारही तेथेच करावयाची. मुदत तीन महिन्यांची. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. हे त्यांना सांगितले कोणी? विद्यार्थिनींनी महिला मंडळाच्या बैठकीत नावाविना चिठ्ठ्या घेऊन वर्तनाचे पाच-सहा प्रश्न विचारावेत आणि पुढील वर्षी तेच प्रश्न, शब्द न बदलता, पुन्हा विचारावेत. माहिती पोहोचल्यावर पहिल्या वर्षी तक्रारी वाढण्याचा संभव आहे. चिठ्ठ्यांतील त्रास घटला व तक्रारी वाढल्या, तर काम योग्य दिशेने चालले आहे असे आम्ही समजू.