पायाखालचे सहा हजार किलोमीटर

धरमतरची खाडी ओलांडून एस.टी.ने अलिबागला कॉलेजात येणारे आपल्यात बरेच आहेत. समुद्राकाठची चुंबकीय वेधशाळा आपण बाहेरून पाहिलेली असते. तिथे नेमके काय चालते, हे मला यंदा भूगोलात ‘पृथ्वीचे अंतरंग’ शिकताना समजले.

पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. माणसाने खणलेले सर्वांत खोल छिद्र, रशियातील कोला येथील, जेमतेम १२ किलोमीटर. मग आतली बातमी बाहेर आणली कोणी? भूकंपलहरींनी. भारतात भूशास्त्रज्ञ म्हणून नोकरी केलेल्या ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये भूकंपाच्या नोंदी ताडून पृथ्वीला निराळा गाभा असल्याचे दाखविले. दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत. त्यावरून पुढे बाह्य गाभा द्रवरूप असल्याचे ठरले. त्याच्याही आत आणखी एक गाभा आहे, हे १९३६ मध्ये इंगे लेमान या डॅनिश विदुषीने सांगितले.

बाह्य गाभ्यातील वितळलेल्या लोखंडाच्या हालचालींमुळे पृथ्वीला चुंबकत्व येते. त्यात वर्षानुवर्षे सावकाश फरक पडतो. सूर्यामुळे होणारे रोजचे चढउतार त्यातून वेगळे काढायचे, तर एकाच भागात दीर्घकाळ वेध घ्यावे लागतात. मुंबईत कुलाब्याला असे वेध १८४१ पासून घेतले जात. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्यांच्या विद्युतप्रवाहाने नोंदी बिघडल्या असत्या. म्हणून वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांच्या काळात, १९०४ मध्ये, अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. काही काळ दोन्हीकडे एकदम वेध घेऊन जुन्या नोंदींची नव्यांशी सांगड घातली गेली. गाव शांत, म्हणूनच आपल्याला हा मान मिळाला!

हे वाचून मला भूभौतिकशास्त्र शिकावेसे वाटू लागले. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात व मुंबईच्या आय.आय.टी.त त्याचे एम.एस्सी.चे अभ्यासक्रम आहेत. नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत संशोधन चालते. परंतु तिथे जायचे तर पदवीला गणित आणि भौतिकशास्त्र हवे. माझे वडील मिठागरावर कामाला. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. अकरावीचा फॉर्म भरताना ‘आर्ट्स सोपे, खर्च कमी’ एवढेच ऐकले होते. कोणती खूण केली की कोणते दार बंद होते, हे सांगणारे घरी कोणी नव्हते.

आता रडत बसण्यात अर्थ नाही. भूगोल माझ्या आवडीचा आहे आणि तो मी मनापासून करणार आहे. मात्र धाकटी बहीण यंदा दहावीला आहे. फॉर्म भरण्याआधी तिला मी वेधशाळेच्या फाटकापाशी नेऊन ही सारी हकीकत सांगणार आहे. पुढचे तिने ठरवावे. मित्रहो, तुमच्याही घरी दहावीचे कोणी असेल, तर एवढे अवश्य करा.