गाईची वार व वासराचा चीक

उमरखेड तालुक्यांत पैनगंगेच्या कांठच्या गांवीं गाय व्याली कीं घरांत खरवसाची वाट पाहिली जाते. शिवाय वार पडेपर्यंत वासरास आंचळाला लावूं नये, अशीही समजूत पुष्कळ ठिकाणीं आढळते. या दोहोंमुळें वासरूं आपल्या पहिल्या हक्कास मुकतें. आणि पुढें हगवणीनें दगावलें म्हणजे दोष मात्र दैवास दिला जातो.

प्राण्याच्या शरीरांत परक्या पदार्थाचा नाश करणारी रोगप्रतिकारशक्ति असते. गर्भांत अर्धा अंश पित्याचा, म्हणजे मातेस परका. तरी तो नऊ महिने सुखरूप कसा राहतो, हा प्रश्न पीटर मेडावार या ब्रिटिश शास्त्रज्ञानें १९५३ सालीं मांडला. वार ही शक्ति आवरून धरण्यास साह्य करते, असें पुढील संशोधनावरून दिसून आलें. विण्याच्या वेळीं मात्र तीच शक्ति उपयोगी पडते. रक्तांतील पांढऱ्या पेशी वारेकडे धांवतात व तिची गर्भाशयाशीं असलेली पकड सुटण्यास हातभार लावतात. त्या दुबळ्या असल्यास वार अडकण्याचा संभव वाढतो.

येथें स्त्री व गाय यांत मोठा भेद आहे. स्त्रीच्या वारेंतून प्रतिकारद्रव्यें गर्भास मिळतात. म्हणूनच गरोदर स्त्रीस धनुर्वाताची लस दिली असतां बालकाचेंही रक्षण होतें. गाईच्या वारेंतून हीं द्रव्यें जात नाहींत. वासरूं जवळजवळ निःशस्त्र जन्मतें. त्याचा वांटा गाय विण्यापूर्वीं कांहीं आठवडे कासेंत सांठवूं लागते. तोच चीक होय. नवजात वासराचें आंतडें हीं द्रव्यें जशींच्या तशीं रक्तांत घेतें. पण हें द्वार तासागणिक मिटत जाऊन सुमारें एका दिवसांत बंद होतें.

याकरितां जन्मापासून दोन तासांचे आंत चीक पाजावा. पहिल्या बारा तासांत वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे वीस किलोच्या वासरास दोन किलो, चीक पोटांत जावा. अशक्त वासरास तो पिळून बाटलीनें द्यावा. वारेसाठीं थांबूं नये. चोखण्यानें गर्भाशय आकुंचन पावून ती पडण्यास मदतच होते. लोंबत्या वारेस दगड बांधूं नये, ती ओढूंही नये. बारा तासांत न पडल्यास पशुवैद्यास बोलवावें. गाभण गाय विण्यापूर्वीं दोन महिने आटवून तिला हिरवा चारा व खनिज मिश्रण द्यावें.

खरवसास आमची हरकत नाहीं. वासराचा वांटा देऊन उरेल त्याचा तो खुशाल करावा.